पुढचं वळण तू ठरव

चिऊ,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस की आई मला या शहरातलं काहीच माहीत नाही गं, मॅप लावला की कुठेही जाते पण मॅप बंद केला तर ऑफिसपासून घर कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा सांगता येणार नाही. हसत सांगितलंस आणि पुढे दुसरंच काहीतरी बोलायला लागलीस, पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना. तुला तिथे राहायला जाऊन आता बरेच महिने झाले, रोज जातेस येतेस, आणि तरी ते शहर तुझ्यासाठी एका निळ्या रेषेएवढंच आहे. मेसेजमध्ये मावणार नाही म्हणून हे पत्र लिहितेय, मोठं होणार आहे, निवांत बसून वाच, चालता चालता वाचू नकोस.

एक आधीच सांगते, फोन वापरू नको असं काही मी सांगणार नाहीये. नवख्या शहरात एकटी मुलगी रात्री घरी परतते तेव्हा तिच्या हातात मॅप असणं किती मोठी गोष्ट आहे हे मला चांगलं कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की मॅप बघ, पण कुठे वळायचं हे कधीतरी तू स्वतः ठरव. बाकी सगळं पत्र या एका गोष्टीबद्दलच आहे, कारण मला वाटतं की जागा ओळखीची होते ती नुसती तिथून जाऊन होत नाही, तिथे काहीतरी ठरवावं लागतं तेव्हा होते. आणि हे नुसतं माझं वाटणं नाहीये, मेंदूवर काम करणाऱ्या लोकांनी यावर भरपूर अभ्यास करून ठेवलाय.

१९४८ साली एडवर्ड टोलमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदरांच्या प्रयोगांवरून मांडलं की प्राणी नुसतं 'आधी डावीकडे मग उजवीकडे' असं पाठ करत नाहीत, डोक्यात त्या जागेचा एक नकाशा बनवतात, म्हणून नेहमीची वाट बंद केली तरी ते साधारण बरोबर दिशेची दुसरी वाट पकडतात. तेव्हा हे सगळ्यांना पटलं नव्हतं. मग १९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, अशा पेशी सापडल्या की उंदीर खोलीतल्या एका ठराविक जागी आला की एक पेशी जागी होते, दुसऱ्या जागी गेला की दुसरी. त्यांना प्लेस सेल म्हणतात. पुढे २००५ मध्ये नॉर्वेत मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्याच भागात ग्रिड सेल सापडल्या, त्या सगळ्या जागेवर जणू षटकोनी जाळी टाकतात आणि अंतर नि दिशा यांचा हिशोब ठेवतात. या तिघांना मिळून २०१४ चं नोबेल मिळालं. माणसाच्या मेंदूतही अशा पेशी असल्याचं दिसून आलंय. म्हणजे बघ, तुझ्या डोक्यात हे सगळं जन्मापासून बसवलेलं आहे, त्याला ना नेटवर्क लागतं ना चार्जिंग.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट सांगते. लंडनमध्ये टॅक्सी ड्रायव्हर व्हायचं तर एक परीक्षा द्यावी लागते, तिला 'द नॉलेज' म्हणतात. लंडनच्या मध्यावरच्या चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले साधारण २५,००० रस्ते पाठ हवेत, नुसती नावं नाही तर कुठूनही कुठेही जायचा रस्ता तोंडी सांगता आला पाहिजे, लोक त्यासाठी तीन तीन चार चार वर्षं शहरभर फिरत असतात. एलेनॉर मॅग्वायर नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी २००० साली या ड्रायव्हरांच्या मेंदूचे एमआरआय काढले तर हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला आणि ज्यांची नोकरी जास्त वर्षं झाली त्यांचा आणखी मोठा. यावर कुणीही म्हणेल की ज्यांचा तो भाग मुळातच मोठा असेल तेच या धंद्यात येत असतील. म्हणून त्यांनी नवीन शिकणाऱ्यांचा आधी एमआरआय काढला आणि काही वर्षांनी पुन्हा काढला. २०११ मध्ये ते छापून आलं. सुरुवातीला सगळे सारखेच होते, वाढ दिसली ती शिकून पास झालेल्यांमध्ये.

पण मला खरं सांगायचंय ते मधलं, २००६ चं काम, ज्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. मॅग्वायर बाईंनी टॅक्सी ड्रायव्हरांची तुलना बस ड्रायव्हरांशी केली. तेच लंडन, तेच ट्रॅफिक, तेवढाच ताण, तेवढीच वर्षं स्टिअरिंगवर गेलेली. फरक एवढाच की बसवाल्याचा रूट ठरलेला असतो आणि टॅक्सीवाल्याला प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर नव्याने विचार करायला लागतो. बस ड्रायव्हरांच्या मेंदूत ती वाढ दिसली नाही. नीट विचार कर चिऊ, वर्षानुवर्षं रोज शहरातून गाडी चालवूनसुद्धा नाही. (टॅक्सीवाल्यांनाही याची किंमत मोजावी लागते म्हणा, नवीन आकृत्या लक्षात ठेवण्याच्या काही चाचण्यांमध्ये ते थोडे मागे पडले, पण तो वेगळा विषय.) तू म्हणतेस ना की मी रोज त्याच रस्त्याने जाते तरी मला काही आठवत नाही, तर त्याचं उत्तर मला इथे सापडलं. मॅपची निळी रेषा पकडून चालणं म्हणजे ठरलेल्या रूटवर जाणं. रूट रोज वेगळा असला तरी तो ठरवलेला दुसऱ्याने असतो.

२०१७ मध्ये लंडनच्याच एका टीमने हे आणखी थेट बघितलं. त्यांनी २४ जणांना सोहो भागातले रस्ते शिकवले, मग एमआरआय मशीनमध्ये झोपवून त्याच रस्त्यांची फिल्म दाखवत ठराविक ठिकाणी पोचायला सांगितलं. काही वेळा वळण स्वतः निवडायचं होतं, काही वेळा गाडीत रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅवसारखं सांगितलं जात होतं की इथून डावीकडे, इथून उजवीकडे. स्वतः निवडताना नवीन रस्त्यावर शिरलं की हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढायची, पुढे जितके जास्त फाटे तितकी जास्त. आणि सूचना ऐकून चालताना तसं काहीच होत नव्हतं, रस्ते तेच असूनही. मेंदूला वाटलंच नाही की आपलं इथे काही काम आहे. खरंच आहे, काम नव्हतंच.

२०२० मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात दिसलं की ज्यांनी आयुष्यात जीपीएस जास्त वापरलंय त्यांना ते हातात नसताना वाट लक्षात ठेवणं जास्त अवघड जातं, आणि त्यातल्या काही जणांना तीन वर्षांनी परत तपासलं तर जास्त वापरणाऱ्यांची घसरण जास्त होती. परत तपासलेला गट अगदी लहान होता, त्यामुळे यावरून मी तुला घाबरवणार नाही. पण दुर्लक्षही करणार नाही.

आणि 'मला मुळात दिशाच कळत नाहीत' हे जे तू लहानपणापासून म्हणतेस ना ते आता सोडून दे बाई. २०१६ मध्ये सी हिरो क्वेस्ट नावाचा एक मोबाईल गेम आला होता, होडी घेऊन वाट शोधायची, आणि तो मुळात वाट शोधण्याच्या कुवतीवर संशोधन करण्यासाठीच बनवला होता. ३८ देशांतल्या जवळपास चार लाख लोकांची माहिती त्यातून घेतली आणि २०२२ मध्ये निष्कर्ष आला की माणूस लहानपणी कुठे वाढला याचा त्याच्या दिशाज्ञानावर मोठेपणीही परिणाम दिसतो. शहराबाहेर वाढलेले लोक साधारणपणे वाट शोधण्यात सरस निघाले. शिकागोसारख्या सरळ चौकटीचौकटीच्या शहरात वाढलेल्यांना वाकड्यातिकड्या वाटा जड गेल्या आणि प्रागसारख्या वळणावळणाच्या शहरात वाढलेल्यांना तितक्या नाही. म्हणजे काय तर ज्याला ज्याची सवय पडली त्याला ते आलं. उपजत थोडंफार असेलही पण अंगवळणी पडण्याचा भाग खूप मोठा आहे, आणि तुझं वयही काही फार झालेलं नाही.

आता त्या निळ्या ठिपक्याबद्दल. तो कसा येतो हे तुला नीट माहीत असावं असं मला वाटतं, कारण ज्याच्यावर आपण इतका विश्वास टाकतो त्याला काय कळतं आणि काय कळत नाही हे ठाऊक पाहिजे. जमिनीपासून साधारण २०,२०० किलोमीटर वर जीपीएसचे उपग्रह फिरतायत, प्रत्येकात अणुघड्याळ आहे, आणि प्रत्येक जण सतत फक्त दोनच गोष्टी सांगत असतो, मी आत्ता कुठे आहे आणि माझ्याकडे किती वाजलेत. तुझा फोन निदान चार उपग्रहांचं ऐकतो आणि सिग्नलला यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढून तुझी जागा ठरवतो. तीन पुरे झाले असते पण फोनमधलं घड्याळ तेवढं अचूक नसतं म्हणून चौथा लागतो. त्यात वरची घड्याळं आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे खालच्यापेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरच्या आसपास चूक साचेल. मे २००० पर्यंत तर अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालत होतं, शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा, ते बंद केलं आणि मग हे सगळं आपल्या खिशात आलं. मला याचं खरोखर आश्चर्य वाटतं, अजूनही. एका माणसाला रस्ता सापडावा म्हणून वर एवढं सगळं चाललेलं आहे!

पण यातून फोनला काय कळतं, तर तू कुठल्या बिंदूवर उभी आहेस एवढंच. तुझं तोंड कुठे आहे हे उपग्रह सांगत नाहीत, ते फोनमधला छोटा होकायंत्राचा सेन्सर सांगतो, आणि आजूबाजूला लोखंड असलं, स्टेशन असलं की तो बावचळतो. म्हणून भुयारी स्टेशनातून बाहेर आलं की बाण भलतीकडेच तोंड करून असतो आणि लोक वीस पावलं उलटी चालून परत फिरतात. उंच इमारतींच्या मध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतात त्यामुळे ठिपका पलीकडच्या गल्लीत उडी मारतो. अशा वेळी फोन हलवत बसण्यापेक्षा मान वर कर, दोन रस्त्यांची नावं वाच, मोठी इमारत कुठल्या अंगाला आहे ते बघ, एका मिनिटात कळतं.

आणि आणखी एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या मॅपमध्ये तू कायम मधोमध असतेस आणि जग तुझ्याभोवती फिरतं. तू वळलीस की अख्खं शहर वळतं. वळण घेण्यापुरतं ते सोयीचं आहे, पण त्यामुळे नदी एकदा वर दिसते, एकदा खाली, एकदा डावीकडे, मग ती नक्की कुठे आहे हे डोक्यात बसणार कसं? सेटिंगमध्ये जाऊन उत्तर दिशा कायम वर ठेव. पहिले काही दिवस वैताग येईल, दक्षिणेकडे जाताना डावं उजवं उलटं वाटेल, पण शहर एका जागी थांबेल. एवढं एक तरी कर.

मॅप म्हणजे ती जागा नव्हे हेही लक्षात असू दे, तो कुणीतरी केलेला असतो, कुणीतरी काहीतरी दाखवायचं ठरवतो आणि काहीतरी गाळतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनियाच्या मध्ये सँडी आयलंड नावाचं एक बेट गुगल अर्थवर होतं, १८७६ साली एका जहाजाने नोंद केली होती तेव्हापासून नकाशांमध्ये चालत आलेलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ जहाज घेऊन तिथे गेले तर बेट नाहीच, हजार मीटरपेक्षा खोल पाणी. आणि याच्या उलट नैरोबीतली किबेरा वस्ती, लाखो लोक राहत होते आणि नकाशावर कोरी जागा. २००९ मध्ये तिथल्याच तरुण मुलामुलींनी हातात जीपीएस घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या, शाळा, दवाखाने, पाण्याचे नळ सगळं ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर चढवलं. पुढच्याच वर्षी जानेवारीत हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा जगभरातल्या लोकांनी घरी बसून उपग्रहाच्या फोटोंवरून तिथल्या राजधानीचे, पोर्ट-ऑ-प्रिन्सचे रस्ते काढले आणि मदत करणाऱ्यांनी ते वापरले. हे वाचलं की मला वाटतं नकाशा ही नुसती बघायची गोष्ट नाही, आपणही त्यात भर घालू शकतो. तुझ्या भागातला एखादा जिना, एखादा बंद झालेला बोळ मॅपवर चुकीचा असेल तर दुरुस्त करून टाक ना. तेवढ्यासाठी तुला तो नीट बघावा लागेल, माझ्या दृष्टीने फायदा तोच.

लाल रंगाचं ट्रॅफिकसुद्धा तसंच. २०२० मध्ये सायमन वेकर्ट नावाच्या कलाकाराने ९९ जुने फोन एका हातगाडीत घातले आणि बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यांवरून ती ओढत नेली. मॅपला वाटलं प्रचंड जाम आहे, रस्ता लाल झाला. मॅपला रस्ता दिसत नसतो गं, फोन दिसतात, त्यांचा वेग दिसतो, त्यावरून तो अंदाज बांधतो. बहुतेक वेळा अंदाज बरोबर येतो म्हणून आपण तो अंदाज आहे हे विसरतो.

आता तुझ्या सुरक्षिततेचं, इथे मी जरा जास्त बोलणार आहे. मॅप तुला कमी वेळाचा रस्ता देतो. त्या रस्त्यावरचे दिवे लागतात की नाही, रात्री नऊनंतर तिथे माणसं असतात की नाही, एका बाजूला लांबच लांब भिंत आहे आणि मध्ये बाहेर पडायला वाटच नाही, हे त्याच्या हिशोबात धड नसतं. हे तुलाच बघायला लागणार आणि ते दिवसाउजेडी बघायचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी घरापासून स्टेशनपर्यंतचे दोन तीन वेगवेगळे रस्ते चालून बघ, कुठली दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, कुठे वॉचमन असतो, कुठून मुख्य रस्त्याला पटकन बाहेर पडता येतं ते बघून ठेव. रात्री फोनमध्ये डोकं घालून चालणारी मुलगी आणि रस्ता माहीत असल्यासारखी चालणारी मुलगी यात फरक असतो, तो बघणाऱ्यालाही कळतो आणि तिच्या स्वतःच्या चालण्यातही येतो. लाइव्ह लोकेशन मला पाठवत जा, ते बंद करू नकोस, मला त्याने झोप लागते. पण व्यायामाच्या ॲपवर धावण्याचे रूट सगळ्यांना दिसतील असे ठेवू नकोस. २०१८ मध्ये स्ट्राव्हा नावाच्या अशाच एका ॲपच्या नकाशावरून चक्क सैन्याचे तळ ओळखता आले होते कारण सैनिक रोज तिथे धावत होते. रोजचा रस्ता म्हणजे आपली रोजची वेळ आणि आपलं घर, ते परक्याच्या हातात कशाला.

आणि या तंत्रज्ञानाने काय दिलंय हेही मी विसरत नाही. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाला कानात 'पुढे चौक आहे, अमुक रस्ता आला' असं ऐकू येणं, व्हीलचेअरवरच्या माणसाला निघण्याआधी कळणं की तिथे पायऱ्या आहेत की रॅम्प आहे. जर्मनीतल्या लोकांनी २०१० मध्ये व्हीलमॅप सुरू केला तो याचसाठी, कुणीही सांगू शकतं की ही जागा चाकाच्या खुर्चीने जाण्यासारखी आहे की नाही. ज्यांच्यासाठी शहराचे निम्मे दरवाजे बंद होते त्यांना हे मिळालं, त्यांना कोण कशाला सांगेल की फोन खिशात ठेवा म्हणून. मी बोलतेय ते तुझ्यासाठी, धडधाकट पाय आणि डोळे असलेल्या मुलीसाठी.

माणसं फोनशिवाय काय काय करत आलीत ते वाचलं की मला उभारी येते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलंडमध्ये गुगु यिमिथिर बोलणारे लोक आहेत, ते आपल्यासारखं डावं उजवं म्हणतच नाहीत, सगळं उत्तर दक्षिण पूर्व पश्चिमेत सांगतात, अगदी जवळच्या वस्तूबद्दलसुद्धा. तसं बोलायचं तर चोवीस तास दिशा माहीत हवी, आणि त्यांना ती असते, बंद खोलीतसुद्धा. १९७६ मध्ये माउ पियाइलुग नावाच्या मायक्रोनेशियातल्या नावाड्याने होकूलेआ ही दुहेरी होडी हवाईहून ताहितीला नेली, साधारण चार हजार किलोमीटर समुद्र, होकायंत्र नाही, नकाशा नाही, तारे उगवायच्या जागा, लाटांचा ताल, पक्षी यावरून. विशेष म्हणजे त्या भागातल्या नावाड्यांच्या पद्धतीतही होडी जागच्या जागी आहे आणि बेटं मागे सरकतायत असं धरतात, थेट तुझ्या निळ्या ठिपक्यासारखं. फक्त तिथे बेटं सरकवण्याचा सगळा हिशोब नावाड्याच्या डोक्यात चाललेला असतो, फरक एवढा एकच पण तोच सगळा.

आणि बाहेरची खूण किती लागते तेही बघ. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी लोकांना जंगलात आणि सहारात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक सरळ गेले, ढग आले की गोल फिरून आपल्याच वाटेवर परत येत होते आणि त्यांना वाटत होतं आपण सरळच चाललोय. तेव्हा सूर्य बघायची सवय लाव. सकाळी निघताना ऊन कुठल्या गालावर आहे, संध्याकाळी परतताना कुठल्या, एवढं बघितलंस तरी ऑफिस घराच्या कुठल्या दिशेला आहे हे आठवड्याभरात आपोआप कळेल.

बाकी करायचं काय ते थोडक्यात सांगते. निघण्याआधी अख्खा रस्ता एकदा झूम आउट करून बघ, सुरुवात कुठे, शेवट कुठे, मध्ये काय मोठं लागतं, मग आवाज बंद करून फोन बॅगेत टाक आणि अडलं तरच काढ. जाताना एका रस्त्याने जा आणि येताना दुसऱ्या, वेळ असेल तेव्हाच, घाईत नको. वळणावर मागे वळून एकदा बघून घे कारण परतताना तोच चौक वेगळा दिसतो, निम्मे लोक तिथेच फसतात. चुकलीस तर लगेच फोन काढू नकोस, आधी मनात अंदाज बांध की मी कुठे असेन, मग मॅप काढून पडताळून बघ. हा अंदाज बांधायचा जो अर्धा मिनिट आहे ना, शिकणं तिथेच होतं. आणि कुणाला तरी विचार. माणसाला रस्ता विचारला की तो रस्त्याबरोबर आणखी चार गोष्टी सांगतो, तिकडून जाऊ नका काम चालू आहे, तिथे कोपऱ्यावर मोठं झाड आहे तिथून वळा. मला तर अजून असंच सांगितलेलं लक्षात राहतं.

केव्हिन लिंच नावाचे एक नगररचनाकार होते, १९६० च्या सुमाराला त्यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या लोकांकडून त्यांच्या शहरांचे नकाशे मनाने काढून घेतले. त्यावरून त्यांना दिसलं की माणसं शहर लक्षात ठेवतात ते साधारण पाच गोष्टींनी, वाटा, कडा म्हणजे नदी किंवा रेल्वेलाईनसारखी आडवी येणारी गोष्ट, आपापला रंग असलेले भाग, चौक आणि लांबून दिसणाऱ्या खुणा. जर्सी सिटीच्या लोकांना आपल्या शहराबद्दल फारसं काही काढताच येईना, कारण ठसठशीत असं तिथे थोडंच होतं.

तर माझं तुझ्याकडे एक मागणं आहे. या रविवारी एक कोरा कागद घे, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, आणि तुझं घर, ऑफिस आणि मधलं जेवढं आठवेल तेवढं काढ. अंतरं चुकू देत, रेषा वाकड्या येऊ देत. जिथे काहीच आठवणार नाही तिथे रिकामं सोड, आपल्या मनाने भरू नकोस, कारण मला त्या रिकाम्या जागाच बघायच्यात आणि पुढच्या सुट्टीत तू तिथेच फिरायला जावंस असं वाटतं. सूर्य कुठून उगवतो तेवढं कोपऱ्यात लिही. फोटो काढून मला पाठव, मॅपशी ताडून सुधारलेला नको, पहिला जसा येईल तसाच. मी पुढच्या महिन्यात येतेय तेव्हा स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, मी तुझा कागद घेऊन घर शोधणार आहे, त्यामुळे जरा मन लावून काढ.

तुझी,
आई